मदत हवी आहे: संपावरच्या लेखात कामगारांच्या आठवणी घ्यायच्या की नाही?

तळटीप (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

कामगार चळवळीच्या इतिहासाचा एक ऑनलाइन कोश आम्ही काही जण हौसेने चालवतो. रचना विकीसारखीच. कुणीही खातं उघडून लिहावं, दुसऱ्याने तपासावं, वाद झाला तर चर्चापानावर मिटवावा. नियमही विकिपीडियाचेच उचललेत: लिखाण तटस्थ हवं, प्रत्येक विधानाला प्रकाशित आधार हवा, स्वतःचं संशोधन कोशात घुसडायचं नाही. आजवर यावरून फारसं अडलं नव्हतं. आता एका मोठ्या संपावरच्या लेखात घोडं पेंड खातंय. (कुठला संप ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर हा धागा तो संप चूक की बरोबर यावरच घसरेल.)

आमच्यात एक निवृत्त कामगार लिहितात. सगळे त्यांना काका म्हणतात. संपात ते आपल्या खात्याचे प्रतिनिधी होते. त्यांनी लेखात जे घातलंय ते कुठल्याही पुस्तकात सापडत नाही: गेटसभेची खबर वस्त्यांमध्ये कशी पोचायची, जमलेलं धान्य आधी कुणाला द्यायचं हे कोण ठरवायचं, लोक घरातली भांडी कधी विकायला लागले. एक नमुना देते: "पहिल्या पाळीला आम्ही गेटवर उभे राहायचो ते आत जाणाऱ्याला अडवायला नव्हे. घरात काय नड आहे ते विचारायचो, आणि दुपारच्या आत त्याच्या घरी कुणीतरी जाऊन यायचं."

दुसऱ्या एक ताई आहेत. ग्रंथालयात काम केलेल्या, संदर्भाच्या बाबतीत अतिशय कडक. त्यांनी या मजकुरावर 'संदर्भ हवा' असा साचा लावला, काही दिवस वाट पाहिली आणि मजकूर काढला. काकांनी परत घातला. बदलाच्या सारांशात लिहिलं, "संदर्भ मीच आहे." ताईंनी पुन्हा काढला. शेवटी प्रचालकाने (म्हणजे कोशाची देखरेख करणाऱ्याने) पानाला कुलूप घातलं, आणि आता दोघंही कोश सोडायच्या गोष्टी करताहेत.

पंचाईत अशी की दोघांचंही म्हणणं पटतं. काकांचा मजकूर काढल्यावर लेखात उरतं काय, तर मालकांच्या संघटनेचं निवेदन, सरकारी आकडे आणि पोलिसांच्या माहितीवरून छापलेल्या बातम्या. संदर्भ ठणठणीत, पण हा संप कामगारांनी केला होता हे कळायलाही लेख दोनदा वाचावा लागतो.

शिवाय आकड्यांचा घोळ आहे. संपात किती जण होते याचे युनियनचे, मालकांचे आणि सरकारचे आकडे तीन तऱ्हांचे. आणि काकांकडे एक जुनं पत्रक आहे, त्यात संप फोडून कामावर गेलेल्यांची नावानिशी यादी आहे. तीही त्यांना चढवायची आहे.

अशा कामाचा कुणाला अनुभव असेल तर सांगा. नियम सैल करायचे का? की काकांना नाही म्हणायचं?

धूळपाटी

नियम सैल करू नका. आज काकांसाठी केलात तर उद्या मालकाचा नातू येईल आणि तोही म्हणेल, "संदर्भ मीच आहे." त्याला कुठल्या तोंडाने अडवणार?

पण काकांना नाही म्हणायचंही कारण नाही. आठवणी लेखात थेट टाकू नका, आधी त्यांची मुलाखत घ्या. कोशाच्या शेजारी मुलाखतींचा वेगळा संग्रह उघडा. ध्वनिमुद्रण करा, शब्दशः उतरवून काढा, सांगणारा संपात कोण होता, कुठल्या खात्यात होता, मुलाखत कुणी आणि कधी घेतली हे वर लिहा, आणि ते पान बदलता येणार नाही असं ठेवा. मग लेखातलं वाक्य असं होईल: "खात्याचे तत्कालीन प्रतिनिधी अमुक यांच्या सांगण्यानुसार…". कोण बोलतंय ते वाक्यातच आलं, की कोश त्या विधानाची हमी घेत नाही, फक्त ते कुणी केलं ते सांगतो. कोशाने एवढंच करायचं असतं.

आणि आठवण तपासून घ्यावीच लागते, माणूस कितीही सच्चा असला तरी. इटलीतल्या तेर्नी गावाचं उदाहरण मौखिक इतिहासवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तिथल्या पोलाद कारखान्यातला लुईजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार मार्च १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. निदर्शनं होती इटलीने नाटोत जाण्याविरुद्ध. पुढे जुन्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा कित्येकांनी तो १९५३ मध्ये, मोठ्या कामगार कपातीच्या वेळच्या चकमकीत मेला असं सांगितलं. सांगणारे खोटं बोलत नव्हते. कपात हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव होता, म्हणून सगळ्यात मोठा मृत्यूही मनात तिथेच जाऊन बसला. तारखेसाठी ही साक्ष कुचकामी आहे. पण कपातीने कामगारांचं काय झालं हे जाणून घ्यायला याहून चांगला पुरावा नाही. तुमच्या काकांनाही तारखा आणि आकडे विचारू नका. गेटवर काय बोलायचे ते विचारा.

सही-शिक्का

धूळपाटींशी सहमत, पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. छापील म्हणजे तटस्थ, असं तुमच्या ताई समजत असतील तर ते काढून टाका.

मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनचंच घ्या. १८९२ सालचा कारखाना कायद्याबाबतचा सरकारी अहवाल म्हणतो की या संघटनेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम. अहवालापुरतं खरं आहे. पण त्याच लोखंड्यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये कामगारांच्या सभा झाल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन गेलं आणि १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. नुसता अहवाल पाहून लेख लिहिला असता तर "नाममात्र संघटना" म्हणून दोन ओळींत आटोपला असता. स्थापनेचं वर्षही कुठे १८८४ तर कुठे १८९० छापलेलं सापडतं. सभा घेऊन निवेदन दिलं तेव्हा संघटना जन्मली, की तिला नाव आणि अध्यक्ष मिळाले तेव्हा? जो ज्या निकषाने मोजतो तसं वर्ष देतो. यात एक वर्ष निवडून दुसरं पुसणारा संपादक मला फार खटकतो. दोन्ही द्यावीत, निकषासकट.

अजून एक. लंडनमध्ये १८८८ साली आगपेट्यांच्या कारखान्यातल्या बायकामुलींनी संप केला. तो ॲनी बेझंट यांनी घडवून आणला असं वर्षानुवर्षं छापलं गेलं, कारण बेझंटबाई लेख लिहीत होत्या आणि मुली लिहीत नव्हत्या. बाईंचा लेख जूनमधला, संप जुलैमधला, त्यामुळे सांगड घालायलाही सोपं. संपाची सूत्रं कारखान्यातल्या मुलींच्याच हातात होती, हे पुढच्या संशोधकांनी मांडलं तेव्हा शंभराहून जास्त वर्षं उलटली होती. संदर्भ होते, भरपूर होते, फक्त एकाच टेबलावरून आलेले होते. म्हणून लेखात किती तळटिपा आहेत याबरोबर त्या किती वेगळ्या बाजूंच्या आहेत हेही मोजत चला.

रिकामटेकडा

युनियनच उरल्या नाहीत, आता कोश कुणासाठी? :)

तळटीप

रिकामटेकडा, तुमच्यासारख्यांना वेळ जावा म्हणून.

धूळपाटी, सही-शिक्का, मनापासून आभार. मुलाखतीची कल्पना काकांच्या कानावर घालते. पण मुलाखत घेणार कोण? प्रश्न विचारणारा जाणकार हवा. आणि आकड्यांचं नि पत्रकाचं कुणीच बोललं नाही.

हजेरीपट

आकड्यांवर मी बोलतो, बरीच वर्षं यातच गेली.

तीन आकडे वेगळे असले म्हणजे दोघे खोटं बोलताहेत असं नसतं. बहुतेक वेळा ते वेगळ्या गोष्टी मोजत असतात. गिरणीत कायम कामगार असत आणि बदली कामगार असत. बदली म्हणजे रोज गेटवर जायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. मालक कायम हजेरीपट मोजणार, युनियन बदलीवाल्यांनाही धरणार, कारण चूल त्यांचीही बंद झालेली. सरकारी तक्त्यात पुन्हा बुडालेले मनुष्यदिवस असतात, म्हणजे माणसं गुणिले दिवस. तो आकडा लाखांत जातो आणि घाईतला संपादक तोच "संपात सहभागी कामगार" म्हणून ठोकून देतो. प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: कुणी मोजला, कुठल्या दिवशी, आणि त्यात कोण धरलेत. सरासरी काढू नका, कृपा करून. तीन आकड्यांची सरासरी हा चौथा आकडा, आणि तो कुणीच मोजलेला नसतो.

त्याहून त्रास माहितीचौकटीचा, म्हणजे लेखाच्या बाजूला ठळक माहिती देणाऱ्या तक्त्याचा. साच्यात 'सुरुवात' आणि 'समाप्ती' असे रकाने असतात आणि रिकामा रकाना दिसला की लोकांचे हात शिवशिवतात. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप घ्या. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार. सुरुवात १८ जानेवारी १९८२, पण काही गिरण्यांतले कामगार आधीच्या ऑक्टोबरपासूनच बाहेर होते. आणि समाप्ती? तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. कामगार हळूहळू परतले, कित्येकांना परतायला गिरणीच उरली नाही. रकान्यात एखादी तारीख भरली तर ती कोशाने बनवलेली तारीख. तिथे "अधिकृतपणे मागे घेतलेला नाही" असं शब्दांत लिहा आणि खाली परिच्छेदात काय झालं ते सांगा. साचा तारीखच मागत असेल तर साचा बदला.

धूळपाटी

पत्रकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: यादी चढवू नका. ते पत्रक त्या काळच्या गेटवर वाटण्यासाठी होतं. महाजालावर गेलं की त्या माणसाच्या नातवंडांनी आजोबांचं नाव शोधलं की पहिलं तेच दिसणार. यातले काही जण हयातही असतील, आणि पत्रकात आलं म्हणजे खरं असंही नाही. जुनी भांडणंही त्यात उरकून घेतली जात. "संप फोडणाऱ्यांची नावं पत्रकं काढून जाहीर केली जात" हे वाक्य लेखात हवंच, तो इतिहास आहे. नावं नकोत. मूळ पत्रक एखाद्या अभिलेखागाराला द्या, अभ्यासकाला तिथे पाहता येईल.

यादीचीच हौस असेल तर मेलेल्यांची करा. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली आणि १४६ जण गेले. त्यातल्या सहा जणांची ओळख पटली नव्हती. जुनी वर्तमानपत्रं पालथी घालून एका संशोधकाने ती नावं लावली, तेव्हा २०११ साल उजाडलं होतं. अशा कामाला तुमच्या कोशात जागा असली पाहिजे.

सही-शिक्का

मुलाखत कोण घेणार विचारलंत ना? ताई घेतील. त्यांना शंका आहेत आणि काकांकडे उत्तरं आहेत. जे प्रश्न त्या चर्चापानावर फटकारून विचारतात तेच समोर बसून विचारतील. एक तिसरा माणूस सोबत ठेवा म्हणजे मुलाखतीची उलटतपासणी होणार नाही.

तळटीप

ताजी खबर. दोघं तयार झाले आणि पहिली बैठक झालीसुद्धा. ताईंनी गेटवरच्या त्या प्रसंगाबद्दलच विचारलं: घरी कोण जायचं, काय घेऊन जायचं, आणि तरीही माणूस कामावर गेला तर पुढे काय? या शेवटच्या प्रश्नावर काका बराच वेळ थांबले आणि मग जे बोलले ते लेखातल्या त्यांच्या वाक्याइतकं गुळगुळीत नव्हतं. ताईंनी तेही जसंच्या तसं उतरवलंय. काकांनी वाचून मान्य केलं. यादीवर मात्र अजून धुसफूस आहे.

पण नवीन अडचण निघाली. आमचा सगळा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो, म्हणजे तो कुणीही वापरू, छापू शकतो. काकांनी संमतीपत्र वाचलं आणि विचारलं, "म्हणजे हे मालकांची संघटनासुद्धा छापू शकते?" नियमाप्रमाणे उत्तर हो असंच आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. शिवाय पुढे काही आठवलं तर मुलाखत दुरुस्त करता येईल का, असंही विचारतात.

हजेरीपट

मुलाखतीला मुक्त परवाना द्यायलाच हवा असं कुठे आहे? लेख मुक्त ठेवा. मुलाखतीचे हक्क काकांकडे राहू द्या आणि तुम्हाला फक्त संग्रहात ठेवायची परवानगी घ्या. लेखात तुम्ही आपल्या शब्दांत सार लिहिणार आणि संदर्भ देणार, त्याला परवाना लागत नाही. माहितीवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. अर्थात लेखातलं सार मालकांची संघटनाही वापरू शकेल, हे काकांना आधीच सांगा.

दुरुस्तीचं म्हणाल तर मूळ मजकुराला हात लावू नका. खाली तारखेसह पुरवणी जोडा. आधी काय सांगितलं आणि नंतर काय आठवलं, दोन्ही दिसू देत.

तळटीप

हे जमेल. संमतीपत्रात दोन रकाने ठेवते, संग्रहासाठी वेगळा आणि मुक्त परवान्यासाठी वेगळा. दुसरा कोरा ठेवायची मुभा. मसुदा झाला की इथेच टाकते. कायद्याची भाषा कळणारं कुणी असेल तर डोळ्याखालून घालाल का?