पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, काय करू?

प्रश्न: २० गुंठ्यांचं तळं, पाणी ५ फूट. कटला, रोहू, मृगळ मिळून ३००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली आहे. पाणी गर्द हिरवं. उन्हं वर आली की मासे खाली जातात. चुना टाकू का?

उत्तर १: आधी ऑक्सिजनचं बघा. पाणी हिरवं करणारं शेवाळही रात्रभर ऑक्सिजन वापरतं, म्हणून पहाटे तुटवडा. खाद्य, शेण आजच बंद. रात्री २ पासून उजाडेपर्यंत एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा. नसेल तर पंपाने तळ्याचंच पाणी उंचावरून फवारा.

उत्तर २: दाटीही झालीय. एरेटरशिवाय एवढ्या तळ्याला १००० ते १५०० पुरे. विरळणी करा, पण मासे वर असताना जाळं ओढू नका, मरतील. पाणी किती हिरवं ते बघायला हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा दिसत नसेल तर खत नकोच. नंतर खाद्य माशांच्या वजनाच्या २ टक्के, तेही ढग असतील त्या दिवशी नाही.

उत्तर ३: चुना थांबवा. अशा पाण्याचा सामू (pH) दुपारी ९ च्या वर जातो. चुन्याने आणखी वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो. सामू सकाळ-दुपार मोजून इथे टाका.