एक्स्टेंशन काढण्याआधी नेटवर्क टॅब बघा
ब्राउझरमधला गेम लोड होत नाही तर एक्स्टेंशनच (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, उदा. जाहिराती अडवणारा) काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर तो मला जरा टोकाचा वाटतो. एफ १२ दाबून नेटवर्क टॅब (पानाने मागवलेल्या फाईलींची यादी) उघडा आणि पान रिलोड करा. एखाद्या फाईलपुढे ‘ब्लॉक्ड’ असं दिसलं तर ती बहुधा एक्स्टेंशननेच अडवली आहे. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवरचे ब्राउझर गेम इच डॉट झोन या वेगळ्या डोमेनवरून फ्रेममध्ये (पानातल्या पानात) येतात, म्हणून नोस्क्रिप्ट या स्क्रिप्ट अडवणाऱ्या एक्स्टेंशनमध्ये दोन्हींना परवानगी हवी. तिथे ‘कस्टम’ निवडलं असेल तर वेबजीएलवरही (ब्राउझरमध्ये ग्राफिक्स दाखवणारी सोय) टिक करा (तीच हमखास राहून जाते). क्रोममध्ये थर्ड-पार्टी कुकीज (दुसऱ्या डोमेनच्या कुकीज) बंद असतील तर फ्रेममधलं लोकल स्टोरेजही (ब्राउझरमध्ये माहिती साठवायची जागा) मिळत नाही आणि काही गेम सुरू होतानाच कोसळतात. तिथे एक्स्टेंशन बिचारं निर्दोष असतं.