वीजदर बांधून घ्यावा की बदलता ठेवावा?

प्रश्न: वीज कंपनीशी असलेला करार संपत आलाय. वर्षभराच्या स्थिर दराचा प्रस्ताव आहे, पण तो आजच्या बदलत्या दरापेक्षा 10 टक्के चढा. दर वाढणार असं जो तो म्हणतोय. पाणी तापवायला विजेचाच हीटर, आणि सासूबाईंना दोनदा गरम पाणी लागतं. बांधून घेऊ का?

हिशेबी: ताई, दर वाढणार हे कंपनीलाही कळतं. वाढीचा अंदाज त्या 10 टक्क्यांत आधीच धरलेला असतो. आकडेमोड करा: बदलता दर सहा महिने तसाच राहून मग 20 टक्के वाढला, तर वर्षाची सरासरी वाढ 10 टक्केच. म्हणजे बरोबरी. त्याहून लवकर किंवा जास्त वाढला तरच स्थिर दर परवडतो. हे वापर बारा महिने सारखा धरून. वाढ नेमकी थंडीच्या तोंडावर आली तर पारडं स्थिर दराकडे फिरतं, कारण थंडीत हीटर जास्त चालतो आणि 2 किलोवॉटचा हीटर अर्ध्या तासात 1 युनिट खातो.

मीटरवाला: आणि स्थिर असतो तो दर, बिल नव्हे! लोक इथेच फसतात. रोजचा स्थिर आकारही बघा, वीज वापरा न वापरा, तो लागतोच. युनिट स्वस्त दाखवून तो फुगवलेला असतो कधीकधी. मुदतीआधी सोडलं तर दंड किती?

प्रश्नकर्ती: दंड सापडला, तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. उन्हाळ्यात घर बदलायचं घाटतंय, तेव्हा तूर्त बदलताच ठेवते.

हिशेबी: उत्तम. मग दरवाढीची नोटीस आली की लगेच मीटरचं रीडिंग कळवा, नाहीतर जुन्या दराची युनिटं नव्या दरात जाऊ शकतात.