मदत हवी आहे: जैसलमेर–खुडी–सम पायी, हवामानाची तयारी कशी करावी?

कोथरूडची_पायवाट

पुण्यातून पाच जण निघतोय. जैसलमेर–खुडी–सम, अंदाजे ९० किमी, सहा दिवस चाल. सामानाला उंट आणि उंटवाला असेल. सह्याद्रीचा अनुभव सगळ्यांना आहे, वाळूचा कुणालाच नाही. तारखा दोन डोळ्यांसमोर आहेत: २० जानेवारीच्या आसपास किंवा मार्चचा दुसरा पंधरवडा. माणशी पाणी किती धरावं? पावसाळी ट्रेकचे टेंट चालतील का? आणि वादळ आलं तर नेमकं काय करायचं? 'एकदा जाऊन याच, मस्त अनुभव' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

वेताळटेकडी

जानेवारी. मार्चच्या उत्तरार्धात दुपारी पारा ३५ च्या पुढे जातो आणि आंध्यांचे, म्हणजे धुळीच्या वादळांचे, दिवस सुरू होतात. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, तेही याच पट्ट्यात. मार्चलाच जायचं झालं तर पुण्याचा दुपारी १ ते ४ बंदचा नियम तिथेही पाळा, किंबहुना ११ ते ४.

पण जानेवारी म्हणजे गुलाबी थंडी, असं समजून जाऊ नका. दिवसा २४–२५ अंश, रात्री साधारण ७–८. कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि उष्णता धरून न ठेवणारी वाळू, त्यामुळे सूर्य बुडाला की तासाभरात जॅकेट शोधावं लागतं. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी हिवाळी ढगाळ-पावसाची प्रणाली) येऊन गेला की वायव्येचा वारा सुटतो आणि पारा २–३ पर्यंत उतरतो. ५ अंशांत ताशी २० किमीचा वारा असेल तर अंगाला १ अंशासारखं लागतं. म्हणून जाड स्वेटर एकच असला तरी चालेल, वारा अडवणारं पातळ जॅकेट मात्र हवंच. कानटोपीही हवी.

विक्षोभाबरोबर कधी पाऊसही येतो, तिकडे त्याला मावठ म्हणतात. म्हणजे रेनकोट घरी ठेवू नका. निघायच्या आठवडाभर आधीपासून हवामान खात्याच्या जयपूर केंद्राचा अंदाज रोज बघा. हवामान खात्याचं पुण्यातलं सिमला ऑफिस आपल्याला बसस्टॉपएवढं जवळ असलं तरी इथे पुण्याचा अंदाज कामाचा नाही. :)

सॅकवाला

पाण्याचं सांगतो. जानेवारीत प्यायला माणशी ४ लिटर, स्वयंपाक आणि चहाला दीड. उंटवाला धरून सहा जणांचे रोजचे ३३ लिटर. दोन दिवसांचे ६६ लागतील, म्हणून २० लिटरचे चार कॅन घ्या. ८० किलो उंटाला जड नाहीत, एखादा कॅन फुटला तरी निभावेल. मार्चला पिण्याचंच माणशी ६–७ धरा.

आपल्याकडचे निळे जार घेऊ नका. त्यांचं दाबून बसवलेलं झाकण उंटाच्या हेलकाव्यांनी सुटतं. आट्यांचं झाकण आणि आत रबरी वॉशर असलेले कॅन घ्या, काठोकाठ भरा म्हणजे आत पाणी डचमळत नाही. आणि दोन्ही बाजूंचे कॅन सारखेच रिकामे करत जा. एकाच बाजूचं संपवलं की खोगीर कलतं, उंटाच्या पाठीला जखम होते आणि तुमची चाल तिथेच थांबते.

वाटेतल्या विहिरींवर विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी पाणी खारं असतं. उकळून, गाळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून जंतू जातील, क्षार जात नाहीत. टांक्यात साठवलेलं पावसाचं पाणी त्या घराच्या वर्षभराच्या कामाचं असतं. विचारल्याशिवाय बादली सोडू नका, आणि दिलं तर प्यायपुरतंच घ्या.

वाऱ्यामुळे घाम अंगावर दिसतच नाही, जागच्या जागी सुकतो. शर्टावर आणि सॅकच्या पट्ट्यांवर पांढऱ्या रेघा दिसल्या तर समजा की मीठ बरंच गेलंय. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. दिवसातले एक ते दीड लिटर ओआरएसचे ठेवा. १ लिटरचं पाकीट १ लिटरमध्येच, ग्लासभर पाण्यात नाही. पाकीट नसेल तर १ लिटरला साखर सपाट ६ चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचाच.

रानवारा

टेंट चालतील, पेग चालणार नाहीत. सह्याद्रीतला सहा इंची पेग वाळूत पहिल्याच झोतात उपटून येतो. टेंटमागे सहा-आठ कापडी पिशव्या न्या, किराण्याच्या चालतील. पिशवीत वाळू भरा, तोंड बांधा, दोरी पिशवीच्या मध्यावर बांधा, हातभर खोल खड्ड्यात आडवी ठेवा, वरून वाळू लोटून पायाने दाबा. खेच पिशवीच्या आडव्या अंगावर आली पाहिजे. दोरी पिशवीच्या तोंडाला बांधली तर ती पेगसारखीच सरकत बाहेर येते.

जागा टेकडीच्या माथ्यावर नको आणि वाऱ्याआडच्या उभ्या उताराच्या पायथ्यालाही नको. तिथे आडोसा वाटतो, पण माथ्यावरून उडालेली वाळू रात्रभर तिथेच पडत राहते. दोन टेकड्यांमधला झुडपांचा सपाट भाग बघा, त्यातही अगदी तळ सोडून थोडं वर, कारण गार हवा आणि मावठाचं पाणी दोन्ही तळाशी साचतं. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला.

टेंटच्या चेनला तेल लावू नका, वाळू चिकटून ती कायमची अडकते. जुन्या टूथब्रशने झाडा आणि मेणबत्ती घासा. हवेची मॅट नको. भुरट नावाच्या गवताचे काटेरी गोळे तिकडे सगळीकडे असतात, पहिल्याच रात्री ती पंक्चर होईल. १० मिमीची फोमची घ्या. स्लीपिंग बॅगवर छापलेला मोठा आकडा बहुतेकदा 'जेमतेम तग धराल' असा असतो, 'कम्फर्ट' ५ किंवा त्याखाली आहे ना ते बघा.

कोथरूडची_पायवाट

सगळ्यांचे आभार. जानेवारी नक्की. बूट जाळीचे रनिंग शूज चालतील ना? आणि रेंज नसेल तिथे सॅटेलाइट कम्युनिकेटर न्यावा का? एका मित्राकडे परदेशातून आणलेला आहे.

वेताळटेकडी

तो घरीच ठेवा! परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं यंत्र बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि तुम्ही सीमेवरच्या जिल्ह्यात चाललाय. मार्ग राष्ट्रीय मरू उद्यानाच्या हद्दीतून जातो, तेव्हा वनखात्याची आणि सीमाभागातली परवानगी जैसलमेरला आधी विचारून घ्या. रोजच्या मुक्कामाची ठिकाणं तारखांसह लिहून जैसलमेरात एकाकडे ठेवा. ठरल्या वेळेपासून किती तासांनी शोध सुरू करायचा तेही त्यावर लिहा.

स्टोव्हचे गॅस कॅनिस्टर रेल्वेत नेता येत नाहीत. इंधनाची सोय तिकडे पोचल्यावर.

सॅकवाला

जाळीचे बूट नकोत. जाळीतून बारीक वाळू आत येते, मोज्यात बसते आणि तिसऱ्या दिवशी टाच सोलते. दाट कापडाचे किंवा चामडी, अर्धा नंबर मोठे. घोट्यावर गेटर (बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण), तेही जाळीचं नव्हे. जुन्या छत्रीच्या कापडाचं शिवून घेतलंत तरी उत्तम. दुपारी मोजे बदला, सकाळचे सॅकवर वाळत टाका. बूट घालण्यापूर्वी रोज झटका, फुरसं तिकडेही आहे.

सरावाला सिंहगड पुरणार नाही, तिथे पोटऱ्या वेगळ्या लागतात. दिवेआगर किंवा गुहागरला भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या पुळणीवर ८ किलोची सॅक घेऊन दोन तास चाला, वेग ताशी तीन किमीच्या खाली येतो की नाही बघा. मुक्काम त्या हिशेबाने ठरवा. जानेवारीत सूर्य साडेसातला उगवतो आणि सव्वासहाच्या पुढेमागे मावळतो, म्हणजे उजेडही मोजकाच.

रानवारा

वादळाचं राहिलंच. जानेवारीत मोठी आंधी क्वचित, पण तासभर वाळू उडवणारा वारा येतो. क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली की चालणं थांबवा. उंट बसवा, सगळे हाताच्या अंतरावर, पाठ वाऱ्याकडे, नाकातोंडावर दुहेरी सुती फडकं, डोळ्यांना बाजू बंद असलेला गॉगल. लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवसांत चष्माच लावावा. दिसेनासं झाल्यावर 'जरा पुढे बघून येतो' म्हणणाऱ्याला बसवून ठेवा. टेंट उभा असेल तर धरून झुंजू नका, काठ्या काढा, आडवा पाडा आणि वर सॅका ठेवा. कडकडाट ऐकू आला तर एकट्या खेजडीच्या झाडाखाली आणि टेकडीच्या माथ्यावर थांबू नका.

कोथरूडची_पायवाट

नोंद केली. शेवटचं: आमच्या टेंटचा आतला अर्धा भाग नुसती मच्छरजाळी आहे. त्यातून धूळ येईल का?

रानवारा

येईल, पिठासारखी. जुनी सुती साडी आतून जाळीला सेफ्टी पिनांनी लावा, वरची एक वीतभर जागा मोकळी सोडून. सगळं बंद केलंत तर श्वासाची वाफ आत साचेल आणि पहाटे स्लीपिंग बॅग ओलसर मिळेल.