मायनस दोन गोलच्या खेळाडूने कोणता घोडा घ्यावा?

प्रश्न (पेडणे, गोवा)

नमस्कार. जयपूरला नोकरीत असताना दोन हिवाळे पोलो शिकले. हँडिकॅप (खेळाडूची गोलांत मोजलेली पातळी) मायनस दोन, म्हणजे अगदी खालची पायरी. आता घरी परतले आहे. भाटातला, म्हणजे बागायतीतला, जुना गोठा दुरुस्त करून तबेला केलाय. समोर भाताचा मळा आहे. कापणी झाली की तिथे काठी-चेंडूचा सराव करायचा आणि हिवाळ्यात काही दिवस मुंबईला जाऊन खेळायचं, असं मनात आहे.

दोन जनावरं बघितली. एक कुमेत (तांबूस-तपकिरी) घोडी, वय ६, पुण्याच्या रेसमधून निघालेली, १६ हँड उंच (एक हँड म्हणजे चार इंच). पोलोचं शिक्षण एक वर्षाचं. वाऱ्यासारखी पळते आणि किंमत निम्मी. दुसरा सब्जा आख्ता, म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाचा खच्ची केलेला घोडा, वय १४ सांगतात, १४.३ हँड (१४ हँड ३ इंच), सात-आठ हंगाम खेळलेला. दिसायला साधाच. माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ५४ किलो. घोडीवर जीव जडलाय, पण भीतीही वाटते. काय करू?

उत्तर (मूळचा सातारा, आता डिचोली)

पोरी, मी रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होतो. बावीस वर्षं घोडी शिकवली, पोरंही शिकवली. सब्जा घे.

कारण सांगतो. नवशिक्याचं अर्धं लक्ष लगामात अडकलेलं असतं. घोडं तापट असलं की हात आपोआप आवळतो, हात आवळला की घोडं आणखी ओढतं, आणि चेंडू मागे राहतो. खेळलेलं घोडं चेंडूपाशी आल्यावर स्वतःच चाल सावरतं, तुला मारायला वेळ देतं. दोन खेळाडू खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना चेंडूच्या रेषेवरून ढकलतात, तेव्हा ते मागे सरत नाही. तू चुकलीस तरी ते चुकत नाही. कच्ची घोडी आणि कच्चा स्वार एकत्र आले की दोघंही एकमेकांना वाईट सवयी लावतात. घोडीचा यात दोष नाही. तिला अजून दोन वर्षं पक्क्या हाताखाली काढावी लागतील, आणि तो हात आज तुझा नाही.

उंचीचंही बघ. १६ हँडच्या पाठीवरून जमिनीवरचा चेंडू गाठायचा तर ५३ इंची काठी लागेल. सब्ज्यावर ५१ इंची पुरेल. तुझ्या मनगटाला दोन इंचांचा फरक फार आहे, काठी लांबली की डोकं जड लागतं आणि फटका उशिरा बसतो.

घेण्याआधी त्यांच्या माणसाला बसवून तू खाली उभी राहा. मग स्वतः बस. लगाम डाव्या हातात, कारण पोलोत काठी उजव्याच हातात धरायची. शंभर पावलं भरधाव सोड, मग अंग मागे घेऊन हात जरासा उचल. मागचे पाय पोटाखाली घेऊन थांबला तर उत्तम. तोंड वर फेकलं तर कडियाळं (तोंडातली लगामाची लोखंडी कडी) टोचतंय किंवा तोंड बिघडलंय. काठी दोन्ही बाजूंनी डोळ्याजवळून फिरव, अंग चोरतो का बघ. तबेल्याकडे तोंड करून दुडकीवर ने, तिथे ओढला तर सामन्यातही ओढेल.

नळीमागच्या (पायाच्या खालच्या लांब हाडामागच्या) शिरेवरून बोट फिरव, चारही पायांना. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्या दिवशी सौदा करू नकोस. दात उघडून बघ: वरच्या कडेच्या पुढच्या दातावर साधारण १० व्या वर्षी हिरडीपासून तपकिरी रेघ उतरू लागते, १५ ला ती निम्म्यावर येते. ठोकताळाच आहे, पण वय लपवलेलं कळतं.

आणि भाताचा मळा! कापणीनंतर चिखल वाळून खुरांचे ठसे दगडासारखे घट्ट होतात. त्यात पाय मुरगळतो. आधी नांगर, मग रोलर.

उत्तर (फोंडा, पशुवैद्य)

दफेदारांच्या म्हणण्याला जोड देते. आपल्या दमट हवेत काही घोड्यांना घाम यायचाच बंद होतो. तालमीनंतर मान-छाती कोरडी आणि नाकपुड्या फुगून धाप लागलेली दिसली तर सावध व्हा. दोन्ही जनावरांना वीस मिनिटं कामाला लावून हे बघा. निवांत घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो.

रक्ताची तपासणी करूनच घ्या. सर्रा हा आजार गोमाश्यांमुळे पसरतो, पावसात आणि नंतर जास्त. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचीही चाचणी करून घ्या, तिचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासतात. तबेल्याची जमीन कोरडी ठेवा, खूर रोज साफ करा. खुराच्या मधल्या मऊ भागाला कुजका वास आला की समजायचं, ओल शिरली.

उत्तर (पुणे)

एकच घोडा असेल तर सामन्याचं गणित आधी मांडा. एक चक्कर, म्हणजे सामन्याचा एक डाव, सात-साडेसात मिनिटांचं, आणि लागोपाठ दोन चक्करं तोच घोडा खेळवायचा नसतो. चार चक्करांच्या सामन्याला किमान दोन घोडे हवेत, त्यामुळे मुंबईत एक भाड्याने घ्यावाच लागेल. घोडी स्वस्त आहे म्हणून घेतली तरी तिला शिकवण्याचा खर्च वेगळा येतो, तो विकणारा सांगत नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सब्ज्यावर बसून आले. दाताची रेघ निम्म्याला जरा कमी, म्हणजे वय खरं आहे. चारही पाय थंड. तालमीनंतर मान ओली, दहा मिनिटांत श्वास खाली आला.

डाव्या बाजूचा उलटा फटका मला कधीच नीट जमला नव्हता. काल सातपैकी चार लागले. काका, तुम्ही म्हणता तेच झालं, चेंडूपाशी आल्यावर तो स्वतःच संथ झाला, मला हात ओढावा लागला नाही. पाचव्या वेळी मी उशिरा वळले, तरी तो त्या रेषेवरच राहिला, मी सावरेपर्यंत.

घोडीलाही भेटले. मानेवर हात ठेवला तर तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. निघताना वाईट वाटलं. तिला पक्का हात मिळावा.

रक्ताचा अहवाल यायचा आहे. नीट आला तर सब्जा दिवाळीनंतर येईल. नांगरवाल्याला कापणीनंतरचं सांगून ठेवलंय. काका, डिचोलीत चांगला नालबंद कुणी आहे का?