पाप आणि गुन्हा यांत गल्लत नको
माळकऱ्यांनी दारू पिणाऱ्याला दिंडीपासून दूर ठेवावे, हे आपले मत मला पटत नाही. लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण होते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्याने काल काय घेतले होते, अशी चौकशी केल्याचे आम्हा सातारकरांच्या तरी पाहण्यात नाही. मात्र तोच माणूस घरी बायकोला मारत असेल, तर तो केवळ पापाचा नव्हे, गुन्ह्याचा प्रश्न ठरतो आणि तेथे भाविकांनीही गप्प बसू नये. उलट, पापी ठरवून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे (भावकीतल्या काही पंचांना ही फार हौस असते) हाच २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा असून, त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.