मदत हवी आहे : स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या भावाला पुन्हा कामाकडे कसे वळवावे?

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. औषधांमुळे त्याला ऐकू येणारे आवाज आणि संशय बराच ओसरला आहे. परंतु अंघोळ, दाढी, बोलणे, कशातच त्याचे मन लागत नाही आणि आईने पुढे ठेवलेला चहा साय धरून तसाच राहतो. नातेवाईक याला आळस म्हणतात, ते ऐकून फार वाईट वाटते, कारण उमेद आटणे हे या आजाराचेच लक्षण असून गोळ्यांचा त्यावर तुलनेने कमी परिणाम होतो, असे डॉक्टरांनी समजावले आहे. गोळ्या अर्थातच सुरू राहतील.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे काम आहे, पण आम्ही सांगलीजवळच्या गावात राहतो. सांगली-कोल्हापूर भागात अशा रुग्णांसाठी दिवसभराचे पुनर्वसन केंद्र किंवा कुटुंबीयांचा आधारगट कोणास माहीत आहे का? तो पूर्वी मोटार रिवाइंडिंगचे काम उत्तम करीत असे. ते पुन्हा सुरू करताना रोज किती वेळ द्यावा, आणि दुकानाच्या मालकांना आजाराविषयी आधीच सांगावे का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, त्यानुसार प्रमाणपत्र काढलेल्यांनीही आपला अनुभव कृपया कळवावा.